सहा नंबर

"नाही म्हणजे नाही! बूट कधीच घट्ट झाले नाहीत," ती डॉक्टरीणबाईंना तिसऱ्यांदा म्हणाली. "लग्नात सहा नंबर, आजही सहा नंबर. आमचे हेच तर शिवतात ना!"

'आमचे हे' शेजारच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. तीस वर्षं बूट शिवणारे हात, पण आज ते कुठे ठेवावेत हेच त्या माणसाला कळत नव्हतं.

"आश्चर्यच आहे," म्हणत डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचं चित्र अगदी तिच्यासमोर वळवलं. कडेचं तिला हल्ली दिसतच नसे. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यावरची गाठ खालचं हाड पोखरत कवटीच्या तळात शिरली होती आणि वर डोळ्यांच्या नसा दाबत होती. या गाठीनं म्हणे वाढीचं वय सरल्यावरही माणसाचे हात, जबडा, पाय वाढत राहतात.

"नाकावाटे जाऊन निघेल तेवढी काढू. सगळी नाही निघायची. नजर किती वाचेल, तेही आज सांगता येत नाही."

"आणि आधी कळलं असतं तर?"

"सहा-सात वर्षांपूर्वी? बहुतेक पूर्ण निघाली असती."

झालं! ते एक वाक्य तिच्या डोक्यात जाऊन बसलं. दोन महिन्यांनी धाकट्या लेकीचं बाळ यायचं होतं. त्याचं तोंड तरी दिसेल का, एवढंच तिला विचारायचं होतं. पण धीर झाला नाही.

सहा वर्षांपूर्वीच तर डोकेदुखीला कंटाळून ती घराजवळच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेली होती. "अंगठी घट्ट होते का? बूट?" एवढं विचारून त्यांनी गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. अंगठी ती घालतच नसे. लॉन्ड्रीत दिवसभर हात साबणाच्या पाण्यात. बोटं जाड झाली तर पाण्यानं सुजली, चेहरा भरला तर अंगाला लागलं, असंच सगळे म्हणायचे. आणि पाय? पायांचा तर बाईला केवढा तोरा! जावा-नणंदांचे पाय बाळंतपणात पसरले, हिचा मात्र दोन लेकींनंतरही सहाच. दर वाढदिवसाला नवरा जमिनीवर बसून तिच्या पायाचं माप घ्यायचा.

"पाठ आहे ना तुम्हाला? मग कशाला दरवर्षी?" ती चिडवायची.

"सवय गं. जसाच्या तसा आहे बघ," तो म्हणायचा.

घरी आल्याआल्या तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्या म्हाताऱ्याला मी सोडायची नाही. तक्रार करणार. साक्षीला तुम्ही यायचं."

"जाऊ दे ना. त्यांचा काय दोष?"

"दोष नाही? माझे डोळे चाललेत, आणि तुम्हाला त्यांचा पुळका!"

पुढ्यातलं ताट त्यानं तसंच सरकवलं. आपल्या बाजूनं या घरात कुणीच नाही, असं वाटून तिला रडू फुटलं.

सकाळी तिनं कपाटातून लग्नातल्या बुटांचा खोका काढला. तीस वर्षं जपलेला, दोरी बांधलेला. तसाच पिशवीत टाकला.

"ते कशाला नेतेस? जुनं चामडं, तडकेल."

"तडकू दे! पुरावा आहे तो."

ती तरातरा निघाली. तो पाय ओढत मागून गेला आणि दवाखान्याच्या दारातच थबकला.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिचा जुना कागद शोधून काढला. तिचं सगळं ऐकताना त्यांचा चेहरा उतरला होता. "विचारलं होतं मी, बाई. हे बघा. बुटाच्या मापात बदल नाही, असं लिहिलंय."

"मग? नंबर वाढला नाही म्हणून गाठच नाही? घ्या, बघा!" तिनं पायातला एक बूट काढला, खोक्यातला एक काढला आणि दोन्ही टेबलावर उपडे आदळले. "हा सहा. आणि हाही सहा!"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. दोन्ही तळवे निरखले. मग जुन्या बुटाचा तळवा नव्याच्या तळव्यावर ठेवला.

नवा चारी बाजूंनी बोटभर बाहेर उरला.

डोळेच फसवताहेत, असं वाटून तिनं कडेवरून बोट फिरवलं. डोळे फसवत नव्हते. तिनं अख्खी मान वळवून दाराकडे पाहिलं.

"दरवर्षी थोडासाच मोठा करायचो," नवरा म्हणाला. "शिक्का तेवढा सहाचा मारायचो. तुला वाईट वाटू नये म्हणून गं."