बत्तीस धारा

“अम्मी, बख्श ना लवकर. घोडा ऐकत नाहीये.”

दोन वर्षांपूर्वी, भर दुपारी, अश्रफ उंबऱ्याशी वाकून असं म्हणाला होता. नसीरा ताक घुसळत होती. ती वळलीसुद्धा नाही. “आलास की बख्शेन,” म्हणाली. पोरगं हसलं. “म्हणजे यावंच लागणार म्हण की!” मग टापा वाजल्या, आणि बराच वेळ नुसती धूळ राहिली.

रणात निघालेल्या मुलाला पंजाबातली आई दूध बख्शते, म्हणजे त्याचं ऋण माफ करते. ‘बत्तीस धारा बख्शल्या’, एवढंच म्हणते, आणि पाजल्या दुधाचं ओझं मुलावरून उतरतं. मुलगा मोकळा होतो. मरायलाही मोकळा होतो. नसीराला नेमकं तेच नको होतं. आईचं दूध ज्याच्या अंगावर बाकी, त्याला मरण शिवत नाही, असं तिनं मनाशी घट्ट धरलं होतं. कुणापाशी बोलली मात्र नाही. गावानं आपलं समजून घेतलं, की नवऱ्यानं, पीरजींनी, पोराला शिखांच्या गुरूंच्या फौजेत धाडलं म्हणून बीबी रुसली.

अश्रफ पहाडाच्या पायथ्याशी पडला. गुरूंच्या निशाणाखाली लढता लढता पडला, आणि तिथेच नदीकाठी त्याला माती दिली. तिसऱ्या दिवसापासून तो घरी येऊ लागला.

कडुनिंबाची सावली खोडाशी गोळा झाली, की अंगणातली कुत्री उठून निघून जात. म्हैस पान्हा चोरून घेई. मग उंबऱ्यापाशी आवाज येई. माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवरून. कुणी वाकून बोलावं तसा.

“अम्मी, बख्श ना.”

पीर हातिम शाहांची माळ तेवढी थांबे. आवाज विरेपर्यंत ते उंबऱ्याकडे बघत राहत. बायकोला त्यांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही. नसीरा ओठ मिटून बसे. बख्शलं तर हाही जाईल. एवढा आवाज तरी घरात राहू दे.

आज सावली अजून खोडाशी पोचली नव्हती, तोच बादशाही फौजेचे दहा स्वार अंगणात शिरले. जमादार यारू बेगनं पीरजींच्या मनगटांना दोर बांधला. पण गाठ सैलच ठेवली.

“मुलगा मीच पाठवला,” पीरजी म्हणाले. “त्याच्याबरोबर माझे चारशे मुरीद, चेले पाठवले. गुरूंना मी शब्द दिला होता. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा पाठवीन.”

जमादारानं कानात करंगळी फिरवली. “पीरजी, या कानानं मी बहिरा आहे. हुकूम आहे, बंडखोराला पाठवणाऱ्याचं डोकं न्यायचं. पण माझी आई म्हणते, मी तुमच्या दुव्यानं झालो. तुमचं डोकं घेऊन घरी गेलो, तर ती मला भाकरी वाढेल का? तेव्हा मी फक्त बीबीजींचं ऐकणार.”

नसीराला काही कळेना. म्हातारी दाई सुलेखाँ तिच्या कानाशी लागली.

“मीच सांगितलंय त्याला. दूध न बख्शता गेलेलं पोर म्हणजे घरातून पळालेलं पोर. मग त्यात बापाचा काय दोष? अगं, एक ‘नाही’ म्हण, की सुटला तुझा म्हातारा. आणि खोटं थोडंच आहे? कुराणावर हात ठेवून म्हण खुशाल!”

“बोला बीबीजी,” जमादार म्हणाला. “आईनं दूध बख्शलं होतं की नाही? पळपुटा ठरेल तुमचा मुलगा, ठरू दे. मेलेल्याला काय त्याचं?”

कुत्री अंगणातून उठली.

जमादाराचा घोडा एक एक पाऊल मागे सरकू लागला. लगाम ओढूनही थांबेना.

“अम्मी...”

या वेळी पुढचा शब्द आलाच नाही. जणू तोही ऐकत उभा होता.

“कोण आहे तिथे?” जमादारानं हळूच विचारलं.

पीरजी प्रथमच बायकोकडे वळले. “नसीरा, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस,” ते म्हणाले. मग उंबऱ्याकडे बघत, “त्याच्यासाठीही नको.”

खरं एवढंसं होतं. एक ‘नाही’. ते म्हटलं की नवरा राहत होता आणि दुपारचा आवाजही राहत होता. फक्त पोरगा पळपुटा ठरत होता. ना बापाचा, ना गुरूंचा. आणि उंबऱ्याशी वाकलेला तो तसाच वाकलेला राहणार होता. दोन वर्षं झाली. पाठ किती भरून आली असेल त्याची. हे तिच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

“शाहजी,” तिनं विचारलं, “तुमचा शब्द त्यानं राखला ना?”

“राखला.”

“बोल गं बाई, बोल!” सुलेखाँ रडकुंडीला आली.

नसीरा उंबऱ्याशी गेली. गुडघ्यांवर बसली. रिकाम्या हवेत तिनं हात पुढे केला, आणि तो अधांतरी कशावर तरी टेकला. बोटं हळूहळू फिरू लागली, केसांतून फिरावीत तशी. जमादारानं मान फिरवली.

“बख्शल्या रे बाळा,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “बत्तीसच्या बत्तीस बख्शल्या. तुला अब्बांनी पाठवलं, आणि आज मीही पाठवते. ऊठ आता. अब्बा तुझ्या मागोमाग येताहेत, त्यांना वाट दाखव.”