फाटकाशी थांबणारा

वाकडी वाट धरणाऱ्यांच्या या देशात सरळ माणूस एकच उरलाय, असं अंबरनाथच्या केळुसकरांचं १९८६ साली ठाम मत होतं. हा सरळ माणूस रोज सकाळी मालगाडीच्या लाइनवरल्या बंद फाटकाशी सायकल धरून उभा राहायचा आणि कारखान्यात लेट मार्क खायचा.

बाकीचे सगळे दांड्याखालून वाकून पसार व्हायचे. "अरे, नियमाला सामोरं जा की! उंदरासारखे काय पळता?" केळुसकर ओरडायचे. "काका, तुम्ही उभे राहा, आम्ही कामाला जातो," म्हणत लोक हसत पुढे जायचे.

सोमवारी साहेबांनी बजावलं, आणखी एक लेट मार्क पडला तर फोरमनची बढती दुसऱ्याला. मंगळवारी फाटक पुन्हा केळुसकरांच्या तोंडावरच पडलं. पंधरा मिनिटं गेली, मालगाडीचा पत्ता नाही. कारखान्याचा भोंगा झाला, तसे ते तणतणत फाटकवाल्या सोमाच्या केबिनवर धडकले.

"गाडी कुठाय रे तुझी?"

"ही लाइन दिवाळीलाच बंद झाली, साहेब. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग रोज फाटक कशाला पाडतोस, मूर्खा?"

"तुम्ही येताना दिसता म्हणून. इथं कोणी थांबतच नाही असं वर कळलं, तर माझी नोकरी राहील का?"

सोमाने केळुसकरांना बसायला स्टूल पुढे केलं.



"उद्या तपासणीला रेल्वेचे मोठे साहेब येणारेत. तेवढं जरा लवकर याल का?"