तारप्याची फुंक

काळजाची धडधड थांबेना, म्हणून रविना सिस्टरनं रिकामी सिरिंज माझ्या हातात दिली. "बाबा, जोरात फुंका. छातीत दाब धरला, की ठोके उतरतील." मी फुंकलं, दट्ट्या हलला, पण काळीज पळतच राहिलं. डॉक्टरांनी शॉकचं मशीन जवळ ओढलं. "आता शेवटचं, नाहीतर शॉक." मी पुन्हा फुंकताच रविना ओरडली, "तुमी नाकानं श्वास घेताय! हा तारपा नाय!" ती खर्डीजवळच्या आमच्याच पाड्यावरची. तारपा, आमचं भोपळ्याचं फुंकवाद्य, वाजवताना फुंक तुटू नये म्हणून नाकानं श्वास घेत राहायचं, हे तिला लहानपणी मीच शिकवलेलं. "फुंक तुटली, तर नाच थांबतो गो," मी पुटपुटलो. "तोच थांबवायचाय!" तिनं माझं नाक चिमटीत धरलं. मी फुंकलं, तिनं मला आडवं करून पाय उचलले. आत सगळं थांबलं. मग सावकाश एकेक ठोका पडू लागला. "घ्या श्वास, बाबा." नाच पुन्हा सुरू होईल, म्हणून मला धीरच होईना.