मशीनचा खाऊ

शू-हुईच्या डोळ्यांदेखत तिसऱ्या डिस्कचा हिरवा दिवा पिवळा झाला. रेकॉर्डिंग साठवायचं सहा डिस्कचं कपाट. दोन गेल्या तरी निभतं, तिसरी गेली की सगळं पाण्यात. आणि दोन तर आधीच गेल्या होत्या.

"वाचेल ना गं पोरी?" चुंग काकांनी मागून विचारलं. सकाळपासून सातव्यांदा.

तैवानातल्या मेइनुंग गावच्या त्या एवढ्याशा रेडिओ केंद्रात काकांनी आयुष्यभर मशीन सांभाळलं. माइकवर बोलायची त्यांची बायको, युए-मेई. रोज सकाळी तासभर, हक्का बोलीत, बावीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. जुन्या टेपा त्याआधीच पुरात गेल्या होत्या. तिचा आवाज आता फक्त या कपाटात उरला होता. नक्कल काढू, नक्कल काढू म्हणता म्हणता राहूनच गेली होती.

शू-हुई काऊशुंग शहरातून आलेली दुरुस्तीवाली. पंधरा दिवसांतली ही तिसरी खेप. डिस्क बदलून झाली, पुढच्या वायरी बदलून झाल्या. नवीकोरी डिस्कसुद्धा चार दिवसांत मान टाकते म्हणजे काय! शेवटी तिनं कपाटावरचं हिरवं पाकीटही तपासलं. हसू नका. तैवानात मशीन म्हटलं की त्यावर मक्याच्या या कुरकुरीत खाऊचं पाकीट असायचंच. त्याचं नावच 'शहाण्यासारखं वाग', म्हणून मशीनही तसंच वागतं अशी समजूत. पण पाकीट हिरवंच हवं आणि ताजं हवं, नाहीतर मशीन रुसतं. हे पाकीट हिरवं होतं, ताजंही होतं.

मग तिनं कपाटाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तव्यासारखं तापलं होतं. फडक्यानं धरून, ओढून तिनं ते भिंतीपासून पुढे घेतलं.

मागे हिरवी पाकिटंच पाकिटं! पंख्यांच्या जाळीवर एकावर एक नीट रचलेली, खालपासून वरपर्यंत. गरम हवेला बाहेर पडायला बोटभर जागा नव्हती.

"वर एक सगळेच ठेवतात," काका ओशाळून म्हणाले. "पहिली डिस्क गेली तेव्हा मी मागं चार ठेवली. दुसरी गेली, मग आणखी..." बोलता बोलता त्यांची नजर जाळीवर गेली. त्यांनी वरचं एक पाकीट काढून हातात घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझ्यामुळं झालं का गं?"

शू-हुईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला भडाभडा बोलायचं होतं, पण त्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे बघून तिचा जीव तुटला.

"छे हो काका! वायर ढिली होती," ती म्हणाली आणि घट्टच असलेली एक वायर तिनं उगीच आणखी दाबली. "पण मशीनचे फार लाड करू नयेत. एकच पाकीट पुरे. बाकीचा खाऊ आपला."

पाकिटं निघाली, पंखे मोकळे झाले. अर्ध्या तासात पिवळा दिवा पुन्हा हिरवा झाला. शू-हुईनं आधी सगळ्याची नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढली, मगच गेलेल्या डिस्क बदलल्या. तोवर चार वाजले. काकांनी तांदळाच्या शेवया मागवल्या होत्या, त्या गार होऊन गेल्या.

"आता एखादं ऐकून बघू. कुठलं लावू?" तिनं विचारलं.

काकांनी जराही न शोधता पडद्यावरच्या यादीतल्या एका तारखेवर बोट ठेवलं.

गाणं सुरू झालं आणि मध्येच कर्कश किंचाळी मारून बंद पडलं. शू-हुई दचकली. पण लगेच एक बाई हसली आणि हक्कात म्हणाली, "माफ करा हं मंडळी! आमच्या मशीनवाल्यांची काही चूक नाही. वायर ढिली होती."

काकांचे डोळे भरून आले होते. त्यांनी एक पाकीट फोडलं आणि आधी शू-हुईपुढं धरलं.

"तेव्हाही वायर घट्टच होती, पोरी," ते म्हणाले.