ट्रायल रूममधलं कोकण

ज्योतीची पळायची लेगिंग शेवटी तिच्या आईनेच पसंत केली. पण हे वाक्य वाचलंच नाही असं धरा, कारण आई अजून दुकानाच्या पायरीवर बसलेली आहे आणि आत यायला तयार नाही.

दुकान सोनईतलं, गोरक्षशेठचं. बाहेर ऊन असं की पायरीवरच्या बाटलीतल्या पाण्यात पत्ती टाकली असती तर चहा झाला असता. ज्योती पहाटे पळून, मग घरचं आवरून, मग जीपमध्ये दोन अनोळखी बायकांच्या अर्ध्या अर्ध्या मांडीवर बसून आली होती. तिने काउंटरवर कोपरं टेकवली आणि रनिंगची लेगिंग मागितली.

शेठने लगेच काढून दिली. जांभळी, घोट्याशी मोती लावलेली. कापडाच्या धंद्यात भराभर खपणाऱ्या मालाला रनिंग म्हणतात, आणि यापेक्षा रनिंग माल त्याच्याकडे दुसरा नव्हता.

"पळायचंय मला," ज्योती म्हणाली.

शेठने पायरीवरच्या आईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुनासंगं?"

"एकटीच. पोलीस भरतीला."

शेठचा चेहरा पडला. मग ज्योतीने त्याला सगळं सांगितलं, पाठ केलेलं सांगावं तसं. मागच्या भरतीला मेरिट कमी लागतं म्हणून तिने कोकणातला जिल्हा टाकला होता. आपल्याकडे घाम येतो आणि वाळून जातो. तिकडे येतो आणि मुक्कामाला राहतो. कॉटनची लेगिंग भिजली, मांड्यांना चिकटली, शिवण घासून कातडी सोलली आणि आठशे मीटर थोडक्यात हुकलं. यंदा पुन्हा तोच जिल्हा. यानंतर ती वयात बसत नव्हती. आईनेही शब्द दिला होता तो या मैदानापुरताच. हुकलं तर नेवाशाचं स्थळ, आणि मग तोंडातून ब्र काढायचा नाही. नेवाशाच्या पाहुण्याचं वय मात्र कुठल्याच नियमात आडवं येत नव्हतं.

शेठने दोन लेगिंग पुढे टाकल्या. एक कॉटनची, जाड. दुसरी पातळ, चकचकीत, चुकून मागवलेली आणि तेव्हापासून कुणी हात न लावलेली. ही घाम धरत नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. पायरीवरून आईने मान न वळवता सांगितलं की पातळ घ्यायची नाही, सगळं अंग दिसतं.

दोन्ही घालून बघायला हव्या होत्या, पण दमट हवेत. शेठने छताकडे बघत विचार केला. दमट हवा आपल्याकडे ठेवत नाहीत, मागवावी लागेल, म्हणाला. मग त्याला कूलर दिसला.

खिडकी बंद ठेवून कूलर लावला की काय होतं, हे नगर जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. शेठने कूलर ढकलत ट्रायल रूममध्ये नेला, पाणी भरलं, दार लावून घेतलं. थोड्या वेळाने दार किलकिलं करून हात आत घातला. हात चिकट झाला.

"आलं कोकन," तो म्हणाला. "जावा."

ज्योती कॉटनची घालून जागेवरच पळू लागली. धप धप धप. टॉवेल घ्यायला आलेल्या एका बाईने आत काय चाललंय विचारलं. शेठने भरती चालू असल्याचं सांगितलं. हितंच असती तर गाडीभाडं वाचलं असतं, असं म्हणून बाई टॉवेल न घेता गेली. धपधप थांबली. ज्योतीने दारातून डोकं काढून नाही म्हणून मान हलवली आणि पातळ लेगिंग आत घेतली.

या वेळी धपधप थांबेचना.

शेवटी आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या चढली, पातळ लेगिंगविषयी काय बोलायचं ते तोंडात जुळवत सरळ ट्रायल रूममध्ये शिरली. दार मागे आपोआप लागलं. थोडा वेळ एकीची धपधप, मग दोघींची. मग ज्योती एकटीच बाहेर आली आणि स्टुलावर बसली. पातळ लेगिंग जवळजवळ कोरडी होती.

आत धपधप चालूच होती.

शेठने घड्या घालायचं थांबवलं. दोघांनी दाराकडे बघितलं नाही.

आई बाहेर आली तेव्हा पदर खोचलेला होता आणि ओलं लुगडं पायांना गुंडाळलं गेलं होतं. तिला धड पाऊल टाकता येईना. तिने वाकून ज्योतीच्या गुडघ्यावरचं कापड चिमटीत धरलं, सोडलं.

"हीच दे रं," ती शेठला म्हणाली.

अंग दिसतंय त्याचं काय, असं ज्योतीने हळूच विचारलं. दिसू दे, आई म्हणाली. मग कपाळ पुसत तिने शेठला विचारलं, "आन मी किती पळाले आसंन?"

"मावशी, तुमी तर जाग्यावरच हुता."

"ते म्हाईत हाय मला," आई म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं."

शेठ पिशवी शोधायला खाली वाकला. आई पुन्हा पायरीवर जाऊन बसली. बाहेरच्या वाऱ्याने तिचं लुगडं बघता बघता वाळलं.

सबब, वरील सर्व हकीकत ध्यानात घेऊन माननीय भरती अधिकारी साहेबांनी खास बाब म्हणून उमेदवाराच्या आईस वयोमर्यादेत सवलत देऊन एक वेळ मैदानावर पळण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.