अजून बारा पिसे

आंघोळ न करता मुकुल पलंगावर बसून पिसे गोळा करत होता.

पिसे मोबाईलमधली होती. त्या खेळातल्या राज्यात भूकंप झाला आहे, मंदिराच्या दगडाखाली एक लहान मुलगी अडकली आहे आणि तिला बाहेर काढणे एवढेच खेळणाऱ्याचे काम आहे. मात्र त्याआधी त्याने रानोमाळ हिंडून दोर गोळा करायचा, लोखंडी आकडे गोळा करायचे, औषधी मुळ्या, शंख, रिकाम्या बाटल्या आणि निळ्या पक्ष्याची पिसे गोळा करायची. खेळ रचणाऱ्याला मुलीपेक्षा पोत्याची काळजी अधिक असावी.

खाली गल्लीत मुकुलचे वडील, किशनराव, मोटारसायकल चालूच ठेवून हॉर्न वाजवत होते. नवरा-बायको सकाळीच अहमदपूरहून लातूरला आले होते, कारण आज नीटची परीक्षा होती आणि मुकुलची ही तिसरी खेप होती.

"काय करायलास?" तारामती दारातूनच म्हणाली. "दीडला गेट बंद होतंय म्हणं. ऊठ की."

"मी न्हाई जात, आई. तयारी न्हाई झाली."

खोलीला हे मान्य नसावे. नांदेडच्या सरांचे रसायन, लातूरच्या सरांचे जीवशास्त्र, कोट्याहून मागवलेले गठ्ठे, हैदराबादच्या झेरॉक्स. छतापर्यंत रचलेल्या या तटबंदीतल्या निम्म्या सराव-प्रश्नपत्रिकांचे प्लास्टिकही फाडलेले नव्हते. त्र्याण्णवच्या खऱ्या भूकंपानंतर या जिल्ह्याने पत्र्याची शेडे उभारली आणि क्लासेस उभारले. शेडे गंजली, क्लासेस उरले. ज्ञान ही साठवण्याची वस्तू आहे, ही उरलेल्या व्यवसायाची श्रद्धा. आणि साठवणारा तिथे कधी नापास होत नाही, तो फक्त 'रिपीटर' होतो. परीक्षेच्या ज्या दालनासाठी हा सारा साठा, त्याच्या दारात मात्र घड्याळ, पट्टा, बूट, पाकीट काढून घेऊन मुलाला जवळजवळ रिकाम्या हाताने आत सोडतात. या विनोदावर शहरात कोणी हसत नाही.

मुकुलचा खोलीतला जोडीदार, मुदखेडचा यज्ञेश, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून निघाला होता. पायात चप्पल सरकवता सरकवता तो म्हणाला, "काकू, ह्याचं काय विचारता! भंगारवाला राजपुत्र हाय हा तिथला. ह्या गेमात गोळा करायचंच लई, गोष्ट मूठभर. दोर-बिर सगळं कवाच जमलंय. दगड उचल म्हणलं की म्हणतो, थांब, पिसं राहिलीत."

"पिसं नसली तर दगड उचलता येत न्हाई का?"

"येतो की!" यज्ञेश म्हणाला. "पिसं काय, टोपीत खोवायला."

"सगळं जमवल्याबिगर उचललं तर शेवट अर्धवट दिसतो," मुकुल मान वर न करता म्हणाला. "बाराच राहिलीत अजून."

"बस मग बाराला," म्हणत यज्ञेश जिना उतरून गेला.

तारामती मुलाजवळ बसली. पडद्याच्या कोपऱ्यात दगडाच्या फटीतून मुलीचा चेहरा दिसत होता. तिचे तोंड उघडत होते, मिटत होते.

"ही काय म्हणती?"

"ओरडती. सारखं तेच तेच. म्हणून आवाज बंद केलाय."

"आन तवर मेली तर?"

"गेममधी मरत न्हाई, आई. कितीबी वेळ लावा."

किल्लारीकडच्या तारामतीच्या माहेरी, हार घातलेल्या फोटोत, मुकुलची मावशी पुनम होती. त्या फोटोविषयी घरात कोणी बोलत नसे.

"आमची पुनम दगडाखालून दुपारपर्यंत बोलत होती," ती म्हणाली. "आण्णा पहार आणायला गेले. पहार आली तर म्हणले, टिकाव पायजे. टिकाव आला तर दोर पायजे. दोर आला तर समदे म्हणले, आता मिलिटरीच येऊ द्या, त्यांच्याकडं सगळं असतंय. कुणी चुकीचं बोलत नव्हतं, मुकुल. शहाणीच माणसं होती."

मुकुलचा अंगठा थांबला.

"माझी आई तेवढी नखानं उकरत होती. लोक म्हणले, येडी झाली. तीच पोचली."

"जित्ती होती मावशी?"

"न्हाई," तारामती म्हणाली. "पण पोचली."

खाली पुन्हा हॉर्न वाजला. "तारा, आगं येतंय का न्हाई ते?" किशनरावांचा आवाज आला.

मुकुल उठला. खुंटीवरचा शर्ट त्याने अंगात घातला, प्रवेशपत्र उचलले. तो उत्तीर्ण होईल असे मानायला कसलाही आधार नव्हता. दारापाशी तो वळला, त्याने गठ्ठ्यांकडे पाहिले, हात पुढे झाला आणि तसाच मागे आला. मग तो केस न विंचरता जिना उतरू लागला.

मोटारसायकलीचा आवाज गल्लीबाहेर विरला. तिसऱ्याला तिच्यावर जागा नव्हती, म्हणून तारामती मागे राहिली होती. परीक्षेला नेता येत नाही म्हणून मोबाईलही मागे राहिला होता, गादीवर, उघडाच. पडद्यावरची मुलगी म्हणजे नुसते चित्र आहे हे तिला ठाऊक होते. तिने मोबाईल मांडीवर घेतला आणि दगडाच्या कडेवर नख टेकवून हळूहळू उकरायला सुरुवात केली.

काचेला बोटाचा स्पर्श कळतो, नखाचा कळत नाही. तारामती उकरत राहिली.