भिंग थांबेना

नवा कॅमेरा काही केल्या गप्प बसेना. फोटोवाल्या धाकल्याने बटण अर्धं दाबलं की भिंग कुरकुरत पुढे जाई, मागे येई, पुन्हा पुढे जाई. समोर जानी बसली होती. म्हणजे तिला बसवलं होतं. कुडाच्या भिंतीपाशी, नवं लुगडं नेसवून, केसांत अबोली माळून. मागे चादरीआड शेजारची म्हातारी बुधीबाई तिचं डोकं दोन्ही हातांनी सावरून बसली होती. गेलेल्या माणसाचा फोटो तलासरीकडच्या या पाड्यात असाच काढायचे. बसवून, जितं माणूस असावं तसा.

पहाटे भुईवर झोपलेल्या जानीला मण्यार डसला होता. उन्हं चढली तशा तिच्या पापण्या खाली आल्या. मग जीभ अडखळली, मग हातपाय लुळे पडले. भगताने नाकाशी बोटं धरली आणि श्वास नाही म्हणून मान हलवली. अंगणापलीकडे सरण रचून झालं. पण तिची आई बारकी वाट अडवून बसली. पोरगी घोलवडच्या वाड्यांत चिकू तोडायला जायची, यायची. फोटोवाल्यासमोर कधी उभी राहिली नाही. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

"उद्या मला तिचं तोंड आठवलं नाही तर मी काय करू?" बारकी म्हणाली. "एक फोटो काढा. मग न्या."

म्हणून धाकल्याला बोलावणं गेलं. आजूबाजूच्या पाड्यांतले असे फोटो तोच काढी. जुन्या कॅमेऱ्यातून बघितलं की चेहरा मधोमध चिरल्यासारखा दिसे. धाकल्या बोटाने भिंगाचं कडं फिरवी, दोन फाका जुळवी आणि बटण दाबी. लोकांचा हुंदका संपायच्या आत त्याचं काम आटोपलेलं असे. पण आता बोटं आखडू लागली होती. लग्नाच्या नाचात माणसं पुढे निघून जात आणि कडं मागे राही. म्हणून कालच डहाणूच्या बाजारात जुना देऊन त्याने हा आपोआप नेम धरणारा घेतला होता. रोल तोच, काम तेच. फक्त कडं फिरवायचं नाही.

"काय रे, तुझी मशीन घाबरली का?" जानीचा काका लडक्या म्हणाला.

"घाबरत नाही. नवी आहे."

"मग जुनीच आणायची. पोरगी काय पळून चाललीये?"

ऊन कुडावरून सरकत वर चाललं होतं. दिवस बुडायच्या आत उचलायचं होतं. दाराशी उभ्या बायका कुजबुजू लागल्या. जानीचा जीव अजून घरातच फिरतोय, मशीन त्याच्याकडे बघतेय. पोरांना मागे ओढलं गेलं. भगताने मुठीतले तांदूळ उंबऱ्यावर टाकले.

"बुधीबाय, हात हलवू नको गं," धाकल्या म्हणाला.

"माझ्या हातांचे दगड झालेत," चादरीआडून आवाज आला. "मी कुठे हलवते?"

"सोड बघू जरा."

बुधीबाईने हात काढले. जानीचं डोकं भिंतीला टेकलं. धाकल्याने पुन्हा बटण दाबलं. भिंग पुन्हा कुरकुरलं.

बिघडलेला माल गळ्यात मारला, असं त्याला वाटलं. त्याने कॅमेरा कोपऱ्यातल्या हंड्यावर धरला. बारीक 'चीं' असा आवाज आला आणि भिंग जागच्या जागी बसलं. घराच्या मेढीच्या खांबावर धरला. तिथेही 'चीं'. मग बारकीवर धरला. ती रडत मागेपुढे झुलत होती. भिंग तिच्या मागे मागे धावत राहिलं, वाजलंच नाही. त्याने तो हळूच जानीकडे वळवला.

भिंग धावू लागलं.

धाकल्याने कॅमेरा खाली घेतला. दुकानदार काल सांगत होता: वस्तू उभी असेल तर वाजून थांबेल, हलती असेल तर तिच्या पाठीमागे जाईल.

"पुरे आता," लडक्या म्हणाला. "ठेव ते खेळणं." उचलायला माणसं पुढे आली.

"हात लावू नका तिला."

भिंगावर धूळ बसू नये म्हणून पुढे एक काच बसवलेली असते. ती त्याने फिरवून काढली, सदऱ्याला पुसली आणि जानीच्या नाकाशी धरली. बराच वेळ काच कोरडी राहिली. भगत खाकरला. मग काचेच्या कडेला तांदळाएवढं धुकं उमटलं, आणि गेलं. पुन्हा उमटलं.

धाकल्याने काच लडक्याच्या डोळ्यांपुढे नेली. "जीप आण," तो म्हणाला. "सरण राहू दे."

जानीला चादरीतच उचललं. बारकी अनवाणी जीपमध्ये चढली आणि पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. जीप सरणाला वळसा घालून तलासरीच्या दवाखान्याच्या वाटेला लागली. पोरगी तिथवर टिकेल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. माणसं जीपमागे धावली. भगत कधी गेला ते दिसलं नाही.

घरात धाकल्या उरला, आणि बुधीबाई. तिचे हात अजून डोकं धरल्यासारखेच वाकलेले होते. ती कॅमेऱ्याकडे बघत होती.

"ही मशीन नवी ना?"

"कालच आणली."

बुधीबाईने आपल्या वाकलेल्या हातांकडे बघितलं.

"माझ्या पोरालाही, हाल्याला, मण्यारच डसला होता," ती म्हणाली. "सरणावर न्यायच्या आधी त्यालाही मीच अशी धरून बसले होते. तुझ्या जुन्या मशीनने त्याचा फोटो पहिल्याच दमात काढला."